वाद्य खाली ठेवल्यानंतरचा वादक

मधली_तार (धागाकर्ता)

मी गेली २२ वर्षे एका पूर्णवेळ सिंफनी वाद्यवृंदात व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) वाजवतो. हा व्यवसाय सांगितला की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘ते झाले, पण दिवसभर काय करता?’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. संध्याकाळी दोन तास काळे कपडे घालून बसणारा माणूस उरलेल्या वेळात मोकळाच असणार, असे लांबून वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तालीम असो वा मैफल, तिला आम्ही ‘सर्व्हिस’ म्हणतो. साधारण अडीच तासांची एक, अशा आठवड्याला सात-आठ होतात. त्यात घरचा रियाज, पुढच्या कार्यक्रमाचे पार्ट (आपल्या वाद्यापुरती स्वरलिपी) वाचणे, शिकवण्या आणि वाद्याची देखभाल धरली, तर कोणत्याही नोकरदाराइतकेच तास भरतात. फरक इतकाच, की हे तास दिवसभर विखुरलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटी भलत्याच वेळी येतात. सकाळची तालीम एक वाजता संपते, मैफल आठला असते आणि मधल्या सात तासांचे काय करावे, हे कोणी शिकवत नाही.

मला बोलायचे आहे ते या फटींविषयी. आमच्या वाद्यवृंदात बासून वाजवणारी एक सहकारी शेवाळाचे नमुने गोळा करून त्यांची ओळख पटवते, डबल बासवाले एक ज्येष्ठ सहकारी बुद्धिबळातील अंतिम डावांची कोडी रचतात आणि मी स्वतः दुर्बिणीचे आरसे घासतो. याला ‘विरंगुळा’ म्हटले की मला ते पटत नाही. विरंगुळा म्हणजे कामाचा विसर पडावा म्हणून केलेली गोष्ट, आणि आमच्या या उद्योगांत मला कामाचीच सवय दुसऱ्या रूपात आलेली दिसते.

आरशाचेच उदाहरण घेतो. सहा इंची, म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर व्यासाची काचेची चकती पिंपावर बसवलेल्या दुसऱ्या तशाच चकतीवर ठेवायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडम या काच घासणाऱ्या कठीण पदार्थाची भरड पूड घालायची आणि वरची चकती पुढे-मागे सरकवायची. काही घासण्या झाल्या की चकती थोडी फिरवायची, आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे आणि पुन्हा तेच करायचे. वरची चकती हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर होते. मग पूड अधिकाधिक बारीक करत जायचे. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आले, की लांबी, दाब आणि वेग या तीनच गोष्टींकडे माझे लक्ष आहे. गज ओढतानाही याच तीन गोष्टी असतात. उजव्या हाताला हे काम नवे वाटलेच नाही.

या वाटेवर माझ्या आधी एक मोठा माणूस चालून गेला आहे. हॅनोवरच्या लष्करी बँडमध्ये ओबो हे फुंकवाद्य वाजवणारा विल्यम हर्शेल पुढे इंग्लंडमधील बाथ येथे ऑर्गनवादक, संगीतशिक्षक आणि वाद्यवृंदाचा संचालक झाला. एका आरशाला शेवटचे पॉलिश देताना त्याने सलग १६ तास हात उचलला नाही आणि तेवढ्या वेळात आपण त्याला घास भरवत होतो, असे त्याची बहीण कॅरोलिन हिने लिहून ठेवले आहे. १३ मार्च १७८१ रोजी स्वतः घडवलेल्या सात फुटी दुर्बिणीतून त्याला युरेनस दिसला, तेव्हाही त्याचे पोट संगीतावरच चालत होते. दिवसा शिकवण्या, संध्याकाळी मैफल आणि रात्री आकाश, असे त्याचे वेळापत्रक होते. मला त्याच्या शोधाइतकेच त्याच्या वेळापत्रकाचे कुतूहल आहे.

माझा प्रश्न असा आहे, की वादकाचे इतर छंद त्याच्या वादनातून उगवतात, की वादनात जे मिळत नाही ते भरून काढण्यासाठी येतात? जे स्वतः वाद्यवृंदात आहेत किंवा अशा माणसांबरोबर राहतात, त्यांनी अवश्य लिहावे.

काडीकाप

धागा आवडला, पण आपण व्हायोलावाले सुखी आहात. ओबो वाजवणाऱ्याला छंद विचारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे, कारण आमचा सारा फावला वेळ रीड खाते.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. ओबोच्या तोंडाशी बोरूच्या जातीच्या वनस्पतीच्या दोन पातळ पट्ट्या असतात, तीच रीड, आणि त्या बहुतेक व्यावसायिक वादक स्वतःच घडवतात. वाळलेली काडी उभी चिरायची, आतून तासून साधारण ०.६ मिलिमीटर जाडीवर आणायची, भिजवून मधोमध दुमडायची, कडा आकारात कापायच्या, बूच चढवलेल्या धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायची आणि मग सुरीने खरवडायला बसायचे. खरवडणे हेच खरे काम. टोकाशी काडी इतकी पातळ होते की दिव्यासमोर धरली तर उजेड आरपार दिसतो, आणि तेथे सुरी केसभर जास्त फिरली तर तीन दिवसांची मेहनत केराच्या टोपलीत जाते. जमलेली रीडसुद्धा फार दिवस टिकत नाही. हवा दमट झाली की तिचा स्वभाव बदलतो, आणि मैफलीपूर्वी साऱ्या वाद्यवृंदाला ‘ए’ हा स्वर द्यायचा तो मीच, त्यामुळे माझ्या रीडची लहर शंभर जणांना कळते.

तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते पहिल्या पर्यायाच्या बाजूचे आहे. रीडसाठी सुरी सतत धारदार लागते. धार लावता लावता मला पाणदगडांचा नाद लागला, कोणता दगड किती बारीक, पोलादाला धारेचा कोन कसा मानवतो, हे वाचत गेले, आणि आज माझ्याकडे शेजारीपाजारी कात्र्या-सुऱ्या घेऊन येतात. यजमान म्हणतात, ओबो सुटला तरी चरितार्थाची सोय झाली आहे.

बाल्कनीतला_श्रोता

मी वादक नाही. तीस वर्षे तिकीट काढून ऐकणारा श्रोता आहे, म्हणून थोडे विरोधी मत मांडतो, राग नसावा. वर जे लिहिले आहे ते वाचायला रंजक आहे, परंतु एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, ऑडिशन पडद्याआड होते, निवड झाल्यावरही परिविक्षेचा काळ पार करावा लागतो, आणि इतक्या कष्टाने मिळवलेल्या खुर्चीवर बसलेला माणूस मनात आरशाच्या वक्रतेचा विचार करत असेल, तर श्रोता म्हणून मला ते खटकते. एकाच गोष्टीला वाहून घेतल्याशिवाय ती गोष्ट सर्वोच्च पातळीवर साधत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बाकीचे छंद निवृत्तीनंतर करता येतात.

मागची_रांग

श्रोतेमहाशय, मी ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवतो, त्यामुळे आपला आक्षेप माझ्यावर सर्वांत जास्त बसतो. बीथोवनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन पहिल्या तीन भागांत एकही स्वर वाजवत नाहीत, चौथा भाग सुरू झाला की एकदम उठतात. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांजवाल्याला साऱ्या कलाकृतीत एकच आघात आहे, तोही शेवटच्या भागात आणि हलका. अशा संध्याकाळी आम्ही वाजवतो थोडे आणि मोजतो फार. मोजणे हे कौशल्य आहे हे कोणी मान्य करत नाही, पण ८७ बार (तालाची आवर्तने) थांबून अठ्ठ्याऐंशीव्या बारच्या पहिल्या मात्रेवर, थंड पडलेल्या पितळेतून, सुरात आणि हळू आवाजात प्रवेश करून पाहावा. या मोजण्यात मन एका धाग्याने बांधलेले आणि तरी बाकीचे मोकळे राहायला शिकते. छंदांची बीजे तेथेच पडतात, असा माझा अनुभव आहे.

डेनिस ब्रेनचे उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचा हा मुख्य हॉर्नवादक मोटारींचा इतका वेडा होता, की मोझार्टचे कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) पाठ वाजवताना स्टँडवर स्वरलिपीऐवजी मोटारींचे मासिक उघडून ठेवत असे, ही त्याची आठवण नेहमी सांगितली जाते. तो उत्तम ऑर्गन वाजवत असे. कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, कारायान याच्या एका ध्वनिमुद्रणात ऑर्गनवर तोच आहे. १९५६ च्या हॉफनुंग या विनोदी संगीतमहोत्सवात तर त्याने बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर लिओपोल्ड मोझार्टची (मोझार्टच्या वडिलांची) रचना वाजवून दाखवली. त्याचे लक्ष विचलित झाले होते असे त्याची ध्वनिमुद्रणे ऐकणारा कोणीही म्हणणार नाही.

आणि आमच्या ट्रॉम्बोनच्या बिरादरीचा मानबिंदू म्हणजे गुस्ताव होल्स्ट. लहानपणापासून दमा आणि उजव्या हाताला मज्जातंतूंचा त्रास, त्यामुळे पियानोवादक होण्याचे स्वप्न सुटले आणि तो ट्रॉम्बोनकडे वळला. कार्ल रोझा ऑपेरा कंपनीत आणि स्कॉटिश ऑर्केस्ट्रात त्याने नोकरी केली. या काळात त्याला संस्कृत साहित्याची ओढ लागली. उपलब्ध इंग्रजी भाषांतरे त्याला पसंत पडेनात, म्हणून त्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्कृतचे धडे घेतले आणि ऋग्वेदातील सूक्ते स्वतः भाषांतरित करून त्यांना चाली दिल्या. महाभारतातील सावित्रीच्या आख्यानावर त्याने १९०८ मध्ये छोटा ऑपेरा लिहिला, ज्याचा प्रथम प्रयोग १९१६ मध्ये झाला. त्याच्या सुरुवातीला यमाचा आवाज कोणत्याही वाद्याच्या साथीविना ऐकू येतो, आणि पुढेही साथीला मोजून बाराच वादक आहेत. त्यांत ट्रॉम्बोन नाही. वर्षानुवर्षे मागे बसून शांतता मोजलेल्या माणसालाच असा आरंभ सुचू शकतो, असे मला वाटते. (पुरावा मागू नये, हा केवळ बिरादरीचा अभिमान आहे.)

बाल्कनीतला_श्रोता

होल्स्टचे उदाहरण निरुत्तर करणारे आहे, परंतु ब्रेनचे उदाहरण आपण अर्धेच सांगितलेत. १ सप्टेंबर १९५७ रोजी एडिंबरो महोत्सवातील मैफलीनंतर रातोरात स्वतः मोटार चालवत घरी परतताना अपघातात तो गेला. वय अवघे ३६. छंदाची बाजू मांडताना हेही आठवावे.

मागची_रांग

हे मान्य आहे, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

तक्ते_आणि_ताल

मी संघटनांमधील कामकाजाचा अभ्यास करतो आणि हौसेखातर चेलो वाजवतो. धागाकर्त्यांच्या प्रश्नातील दुसऱ्या पर्यायाची बाजू कोणीच घेतलेली नाही, म्हणून ती घेतो. रिचर्ड हॅकमन आणि युटा आल्मेंडिंगर यांनी अमेरिका, ब्रिटन आणि तेव्हाच्या दोन्ही जर्मनी अशा चार देशांतील ७८ सिंफनी वाद्यवृंदांचा अभ्यास केला होता. १३ व्यवसायगटांच्या तुलनेत या वादकांची आंतरिक प्रेरणा सर्वांत वरच्या क्रमांकावर आली, पण कामातील एकूण समाधानात ते सातव्या स्थानी, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्याही किंचित खाली होते. स्ट्रिंग क्वार्टेटमधील वादक मात्र दोन्हींत वर होते. वाद्ये तीच, संगीत त्याच तोलाचे, मग फरक कोठे पडतो? चौघांच्या गटात प्रत्येक निर्णयावर भांडता येते. शंभरांच्या वाद्यवृंदात काय वाजवायचे ते वर्षभर आधी दुसऱ्याने ठरवलेले असते, किती वेगाने वाजवायचे ते कंडक्टर ठरवतो आणि गज वर ओढायचा की खाली, हे सेक्शनचा, म्हणजे तेच वाद्य वाजवणाऱ्यांच्या गटाचा, प्रमुख पेन्सिलीने लिहून देतो. वीस वर्षे मेहनत करून घडवलेले कान आणि मत घेऊन माणूस येतो, आणि त्यातील मत बाहेर ठेवून आत बसतो.

हे मत कोठेतरी जाणारच. निकोलाउस हार्नोनकूर १९५२ पासून १९६९ पर्यंत व्हिएन्ना सिंफनीमध्ये चेलो वाजवत होता. ज्या पद्धतीने तेथे जुने संगीत वाजवले जाई ती त्याला पटत नव्हती. नोकरीचे तास संपल्यावर तो, त्याची पत्नी आणि काही सहकारी जुनी वाद्ये मिळवून, जुने ग्रंथ वाचून घरीच प्रयोग करत. १९५३ मध्ये त्यांनी त्यासाठी स्वतंत्र गट उभा केला आणि तो जाहीर मैफलीसाठी बाहेर पडला तो १९५७ मध्ये. जुन्या संगीताच्या सादरीकरणाची दिशा ज्यांनी बदलली, त्यांत या ‘फावल्या वेळच्या’ मंडळींचा वाटा फार मोठा आहे. ज्याला खुर्चीत बसून ‘हे असे नको’ म्हणता येत नाही, तो घरी जाऊन ‘हे असे हवे’ म्हणून दाखवतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

अवांतर: दोन्ही पर्याय एकत्र पाहायचे असतील तर कोडाक्रोम या रंगीत फिल्मचा इतिहास वाचावा. १९३५ मध्ये बाजारात आलेली ही फिल्म दोन संगीतकारांनी शोधली. लिओपोल्ड मॅनेस पियानोवादक होता आणि धाकटा लिओपोल्ड गोडोव्स्की सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस येथील वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवलेला. संपूर्ण अंधारात रसायनांचा वेळ मोजायला घड्याळ दिसत नसे, तेव्हा ते ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचा शेवटचा भाग सेकंदाला दोन मात्रा या लयीत शिट्टीवर वाजवत आणि त्यावरून फिल्म केव्हा काढायची ते ठरवत. हे वादनातून आले, की वादनात न मावल्यामुळे आले, ते आपणच ठरवावे.

घरची_बाजू

माझे पती हॉर्न वाजवतात. येथे सर्वांनी थोर मंडळींची नावे घेतली, मी घरातले सांगते. छंद कोणता असावा हे आमच्याकडे प्रतिभेने ठरले नाही, वेळापत्रकाने ठरवले. लोकांच्या सुट्ट्या म्हणजे यांच्या मैफली. मित्रांचे संध्याकाळचे गट, शनिवारची पदभ्रमंती, नाटकमंडळी यांपैकी कशातही त्यांना सलग दोन आठवडे जाता आलेले नाही. बॅडमिंटनच्या गटातून नाव कमी झाले, हस्तव्यवसायाच्या वर्गाला तीन गैरहजेऱ्यांवर रामराम करावा लागला. म्हणून त्यांनी एकट्याने, कोणत्याही वेळी, कोठेही करता येईल असे काही शोधले आणि आता दौऱ्यावरच्या हॉटेलांच्या खोल्यांत बसून ते हंगेरियन भाषा शिकतात. चौथी भाषा आहे. त्या भाषेत बोलायला समोर माणूस मात्र क्वचितच असतो.

दुसरी गाळणी शरीराची आहे. बोटे, ओठ, दात, खांदे यांना इजा होईल असे सारे वर्ज्य. आमच्या एका व्हायोलिनवादक स्नेह्यांनी आवडता व्हॉलीबॉल विशीतच सोडला. दार लावतानासुद्धा ते आधी बोटे कोठे आहेत ते पाहतात. आणि जे कोणी बोलत नाही तेही लिहिते. १९८७ मध्ये अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकसंघटनेने केलेल्या पाहणीत २७ टक्के वादकांनी मंचावरची थरथर दाबण्यासाठी बीटा-ब्लॉकर या हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या घेत असल्याचे सांगितले होते. आमच्या घरी गोळी नाही, पण एकट्याचा प्रवेश असलेल्या मैफलीच्या आदल्या रात्री हे तासभर हंगेरियन क्रियापदे चालवतात. मला आधी ते वेड वाटले. नंतर कळले, की ती एक अशी जागा आहे जेथे चुकले तरी दोन हजार माणसांना ऐकू जात नाही.

काडीकाप

शेवटचे वाक्य वाचून थांबले. सुरीला धार लावताना मला नेमके हेच जाणवते. बिघडली तर पुन्हा लावायची, बस्स.

मधली_तार (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी दोन पर्याय देऊन प्रश्न विचारला, पण घरची_बाजू यांनी तिसरेच उत्तर दिले आणि ते मला सर्वांत खरे वाटते. आम्हाला पूर्णतेची सवय लागते, पण ती पूर्णता सार्वजनिक आणि तत्क्षणी हवी असते. सुटलेला स्वर परत घेता येत नाही. तीच सवय घेऊन, चूक करायला आणि ती दुरुस्त करायला मोकळीक असलेली एखादी खोली आपण शोधतो.

श्रोतेमहाशयांच्या पहिल्या आक्षेपाला एवढेच उत्तर देतो, की बाहेरचा ध्यास खुर्चीवर परत येतो, फक्त वेगळ्या वाटेने. आर्नल्ड जेकब्स १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत ट्यूबा हे मोठे पितळी फुंकवाद्य वाजवत होते. त्यांच्या फुप्फुसांची क्षमता त्या वाद्याच्या मानाने कमी होती. कुतूहलापोटी त्यांनी श्वसनाचे शरीरशास्त्र अभ्यासले, तळघरातल्या खोलीत श्वास मोजण्याची वैद्यकीय उपकरणे जमवली, आणि पुढे देशोदेशीचे वादक श्वास कसा घ्यावा हे शिकायला त्या तळघरात येऊ लागले. उलट दिशेचा प्रवासही होतो. चार्ल्स कॅव्हलोव्स्की अणुभौतिकीचे प्राध्यापक होते आणि १९७२ मध्ये बॉस्टन सिंफनीचे मुख्य हॉर्नवादक झाले. द्वोर्झाक स्वतः प्रागच्या नाट्यगृहात १८७१ पर्यंत नऊ वर्षे व्हायोला वाजवत होता, पुढे त्याने कबुतरे पाळली आणि रेल्वे इंजिनांचे क्रमांक टिपले. आमच्या वाद्याला विनोदात नेहमी खालची जागा मिळते, म्हणून ही नोंद मुद्दाम करून ठेवतो.

माझ्या आरशाचे पॉलिश सध्या शेवटच्या टप्प्यात आहे. आरशाचा आकार तपासणारी फूकोची चाचणी घेताना आरशासमोर प्रकाशाचा बारीक ठिपका आणि ब्लेडची धार ठेवतात. धार प्रकाशात सरकली की काचेचा सारा पृष्ठभाग उंच-सखल प्रदेशासारखा उठून दिसतो, इतका की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढी चूकही लपत नाही. काल मी आरसा सरळ करताना अंगठा काही सेकंद काचेवर टेकवला. पुन्हा पाहिले तर तेथे एक गोल टेकडी उभी होती. माझ्या हाताच्या उबेने काच तेवढीच फुगली होती. अशा वेळी काहीही करायचे नसते, काच निवण्याची वाट पाहायची असते. मी टेबलावर पार्ट पसरला आणि आजच्या तालमीसाठी सेक्शनप्रमुखांनी पाठवलेल्या गजाच्या खुणा पेन्सिलीने उतरवून घेतल्या. दोन पाने झाली तेव्हा टेकडी उतरली होती.